चुन्याने लिहिलेली शिवी

माझी बायको थोआ हिच्याइतकी सुंदर शिवी आमच्या दोंगवाक गावात दुसऱ्या कुणाला देता येत नसे. सुंदर म्हणजे अगदी ऐकत राहावी अशी. कोंबडी किंवा बदक चोरीला गेलं की घरच्या बाईने मटण तोडायचा लाकडी ठोकळा आणि सुरी घेऊन तळ्याच्या काठावर जायचं, ठोकळ्यावर सुरी आपटत ताल धरायचा आणि चोराच्या खापरपणज्यापासून सुरुवात करून त्याच्या न जन्मलेल्या नातवंडांपर्यंत कुणालाही वगळायचं नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. बाकीच्या बायका अर्ध्या घटकेत थकतात. थोआ दुपारी सुरू झाली की लोक चटया घेऊन काठावर येत. एकदा तिची शिवी ऐकून चोराच्या पोटातली कोंबडी आरवायला लागली. कोंबडी, कोंबडा नव्हे. आणि परक्या सरकारचा करवसुलीवाला आला होता तेव्हा तिने त्याच्याकडे पाहून नुसता घसा खाकरला, तर त्याचा घोडा खाली बसला तो उठेचना. मी तिथेच होतो. घोड्याच्या शेजारीच बसलो होतो, कारण मलाही उभं राहवत नव्हतं.

मी बदकवाला. कापणी झालेल्या शेतांतून बदकं हिंडवायची, सांडलेले दाणे त्यांना टिपू द्यायचे आणि बायकोचं ऐकायचं, एवढीच माझी कामं. अंडी आणि विड्याचं सामान थोआ बाजारात विकी. बाजारात एक जुनी काटेसावर आहे. तिच्या खालची जागा थोआची. ती तिच्या आईची होती, तिच्याही आईची होती. तिथे सावली आहे आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिथूनच जातो. त्यामुळे गावात कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, हे सगळं आधी सावरीखाली कळतं आणि मग त्या घरी कळतं. अशी जागा म्हणजे राज्यच. फक्त एक नियम आहे: वर्षातल्या शेवटच्या बाजाराला, नव्या वर्षाच्या सणाआधी, त्या जागेवर जो बसेल त्याची ती पुढचं वर्षभर. थोआ दर वर्षी पहाटेच जाऊन बसे आणि अंडीवाली नू दर वर्षी थोडी उशिरा येऊन तिच्याकडे असं बघे, जसं मांजर टांगलेल्या माशाकडे बघतं.

मग नवं सरकार आलं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला गावात खायला दाणा नव्हता. आमच्या गल्लीतली निम्मी घरं बंद झाली ती झालीच. त्याबद्दल मी इथे काही सांगणार नाही. शरदात भात आलं, झेंडे आले आणि क्वेतच्या दंडावर लाल पट्टी आली. हा क्वेत पूर्वी त्याच करवसुलीवाल्यावर छत्री धरायचा. छत्री गेली, हात तोच राहिला. आता तो गावाच्या साक्षरता समितीचा प्रमुख झाला होता आणि म्हणत होता की आपल्या दुःखाचं मूळ अज्ञानात आहे. वर्षाच्या सुरुवातीला तो म्हणायचा की मूळ आळसात आहे.

सरकारचं म्हणणं वाईट नव्हतं. सगळ्यांनी लिहा-वाचायला शिकावं. त्यासाठी गावभर अक्षरं काढली. घरांच्या भिंतींवर, शेतात वाकलेल्या बायकांच्या टोप्यांवर पाठीमागून, म्हणजे मागच्या बाईला लावणी करता करता पुढच्या टोपीवरचं वाचता यावं. म्हशींच्या पाठीवरसुद्धा. आमच्या शेजाऱ्याच्या म्हशीवर एक गोल अक्षर होतं. ती नदीत डुंबायला गेली आणि अक्षर धुऊन गेलं. पुढचे आठ दिवस गावातल्या कुणालाच ते अक्षर वाचता येईना. शेवटी ती म्हैस शोधून परत रंगवावी लागली.

पण खरी गंमत बाजाराच्या तोंडाशी होती. तिथे दोन दरवाजे केले. एक बांबूचा, पानाफुलांनी सजवलेला, त्याचं नाव मानाचा दरवाजा. दुसरा म्हशी लोळतात त्या चिखलातून जाणारा, त्याचं नाव आंधळ्यांचा दरवाजा. मानाच्या दरवाजावर भात वाळवायची मोठी गोल सुपली काजळी फासून टांगलेली. तिच्यावर चुन्याने शब्द लिहिलेला. वाचता आला तर पानाफुलांतून आत, आणि त्या दिवसापुरती हवी ती जागा. नाही आला तर चिखल.

मी तर पहिल्या दिवसापासून चिखलातूनच गेलो. मला वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. माझ्या बदकांना येत नव्हतं. त्यांना एकटं कसं पाठवायचं?

थोआ मात्र टोपल्या खांद्यावर घेऊन ताठ मानेने मानाच्या दरवाजापाशी गेली. क्वेत छडी घेऊन उभा होता.

"वाचा, काकू."

"डोळ्यांत पडदा आलाय रे बाबा."

"परवा तर तळ्याच्या पलीकडच्या काठावरून आमच्या मावशीच्या टोपलीतलं नासकं अंडं ओळखलंत."

"अंड्याला वास असतो. तुझ्या अक्षराला आहे का?"

रांगेतले लोक हसले. क्वेतही हसला. त्याचं हसू दातांपर्यंत येऊन थांबे, डोळ्यांत जात नसे. "डोळे गेलेल्यांसाठीच तो दरवाजा आहे, काकू," तो म्हणाला आणि छडीने चिखल दाखवला.

मग मागून नू आली. नू ही क्वेतची सख्खी मावशी. तिने सुपलीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "भात!" म्हणाली आणि फुलांखालून डुलत गेली. दर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी भाचा तिच्याकडे चहाला जात असे, एवढंच मी सांगतो. चहाबरोबर काय देत-घेत असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक.

थोआ गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आत पोचली तेव्हा सावरीखाली नू पाय पसरून बसली होती. थोआला जागा मिळाली ती मासळीच्या आणि डुकरांच्या मध्ये. त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर ती एक शब्दही बोलली नाही. आमची बदकं घाबरून एकमेकांना चिकटून बसली.

आता माझ्या सुनेबद्दल सांगायला हवं. मिएन तिचं नाव. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तोच मुलगा फौजेत गेला आणि ही सासूच्या हाती सापडली. सासू तिला सकाळी उठल्यापासून जे बोलायला लागे ते दिवे लागेपर्यंत. पोरगी खाली मान घालून ऐके. मला वाटायचं बिचारी गरीब आहे. गरीब कसली!

समितीने देवळाच्या अंगणात सभा भरवली. क्वेत विचारू लागला, "शिकवायला माणसं हवीत. कुणाला वाचता येतं?" आमच्या शेजारी बसलेल्या मिएनचा हात वर गेला.

"हात खाली घे," थोआ कुजबुजली. "माशी बसली असेल तर नुसती झटक."

"माशी नाही, आई. मला येतं."

माहेरी भावाबरोबर शिकली होती. आमच्याकडे सांगितलं नाही, कारण लग्न ठरवायला गेलो तेव्हा थोआनेच बजावलं होतं की अक्षर शिकलेली पोर नको, असल्या पोरी यारांना चिठ्ठ्या लिहितात. म्हणजे पोरगी जवळजवळ वर्षभर आमच्या चुलीपाशी अक्षर पोटात दडवून बसली होती, जशी दुसरी एखादी चोरून गूळ खाते. सभेनंतर ती झाली बाई. दुपारी अंगणात वर्ग भरे आणि गावातले म्हातारे तिला उठून उभे राहून 'नमस्कार बाई' म्हणत. घरी आली की सासू म्हणे, "आली का बाई? म्हशीला पाणी कोण दाखवणार, तुमचा शिपाई?"

थोआ वर्गाला जाईना. सुनेसमोर पाटी घेऊन बसायचं? त्यापेक्षा चिखल बरा. तिने दुसरे उपाय केले. रांगेत पुढच्याने वाचलेला शब्द कान देऊन ऐकला आणि आपला नंबर आल्यावर ठणकावून म्हटला. क्वेतने तेवढ्यात शब्द पुसून दुसरा लिहिला होता. मग तिने त्याच्या घरी खारवलेल्या अंड्यांची टोपली पाठवली. पुढच्या बाजाराला क्वेत म्हणाला, "अंडी फार छान होती, काकू. चिखल त्या बाजूला."

एका संध्याकाळी थोआ चुलीपाशी आली तर भिंतीवर कोळशाने काहीतरी लांबलचक लिहिलेलं. मिएन भात कांडत होती.

"काय खरडलंयस हे माझ्या भिंतीवर?"

"सकाळी तुम्ही मला जे बोललात ते, आई. वर्गात शिकवायला सोपे शब्द लागतात ना."

थोआ भिंतीजवळ गेली. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. कलाकार माणूस हो! आयुष्यभर तोंडातून काढलं ते वाऱ्यावर गेलं. आज पहिल्यांदा आपलं काम कुठेतरी टिकून राहिलेलं तिला दिसत होतं.

"सगळं लिहिलंयस? बगळ्याचंही?"

"ते पण आहे."

"कुठे आहे? वाच बघू."

"तुमचंच आहे. तुम्हीच वाचा," मिएन म्हणाली आणि पुन्हा मुसळ उचललं.

मी कोपऱ्यात अंड्यांना मीठमातीचा लेप देत बसलो होतो. माझ्या हातातलं अंडं फुटलं.

थोआने भिंतीकडे पाठ केली, बाहेर गेली, परत आली. भाताला आधण ठेवलं. मग भिंतीकडेच तोंड करून म्हणाली, "बगळा यातला कोणता ते तरी दाखवशील की नाही, अवदसे?"

आणि तिचं शिक्षण सुरू झालं. जगात लोक 'आई', 'घर', 'कमळ' असे शब्द आधी शिकतात. माझ्या बायकोने पहिला शब्द वाचला तो 'बगळ्याच्या तंगड्यांची'. दुसरा 'आळशी'. तिसरा 'तुझ्या माहेरी'. दिवसभर ती सुनेला जे बोलेल ते मिएन संध्याकाळी भिंतीवर लिही आणि सासूने ते बोट ठेवून वाचायचं. मध्येच अडलं की मिएन मदत करी.

"हे काय? 'दळ...दळभ...'"

"दळभद्री. दुपारी म्हणालात. पाण्याची घागर फुटली तेव्हा."

"घागर फुटली नव्हती, तू फोडलीस."

"ते पुढच्या ओळीत आहे."

महिनाभरात घरात एक फरक पडला. जे बोलू ते संध्याकाळी वाचावं लागणार, हे कळल्यावर थोआ जपून बोलू लागली. शिव्या कमी झाल्या. कसदार मात्र झाल्या. कधीकधी ती तोंड उघडे, मनात शब्द मोजी, लांब वाटला तर मिटे. एकदा रागाच्या भरात तिने मिएनला इतकी अवघड शिवी दिली की संध्याकाळी दोघींनाही ती पुरी करायला दिवा लावावा लागला. एक गोष्ट मात्र तिने केली नाही. सुनेला 'बाई' म्हटलं नाही.

"वर्गात सगळे म्हणतात," मिएन एकदा सहज म्हणाली.

"मी भिंतीकडून शिकते. तुझ्याकडून नाही."

भिंतीनेही काही आक्षेप घेतला नाही.

नव्या वर्षाचा सण दोन बाजारांवर आला तेव्हा थोआने केस धुतले, दात पुन्हा काळे करून घेतले (आमच्याकडे सजलेल्या बाईचे दात काळेच असतात), चांगली ओढणी बांधली आणि मानाच्या दरवाजासमोर जाऊन उभी राहिली. सुपलीवर शब्द होता. तिने तो एका दमात वाचला.

"म्हैस!"

रांगेतून "वा, थोआकाकू!" असा आवाज आला. थोआने टोपल्या उचलल्या. क्वेतने छडी आडवी धरली.

"थांबा काकू. तो आधीच्या माणसाचा शब्द होता. तुमचा अजून लिहायचाय." आणि त्याने चुन्यात बोट बुडवून सुपलीच्या या काठापासून त्या काठापर्यंत लिहिलं: 'निरक्षरतानिर्मूलनसमिती'.

थोआ 'निर' पर्यंत गेली. पुढे 'क्षर' पर्यंत गेली. मग जंगलात शिरल्यासारखी हरवली. असली शिवी तिने जन्मात कुणाला दिली नव्हती.

"वेळ संपला," क्वेत म्हणाला.

मिएन रांगेतून पुढे आली. "क्वेतदादा, हे बरोबर नाही. नूमावशींना दर वेळी 'भात' आणि आईंना हे?"

"ज्याची जशी लायकी तसा शब्द, मिएनबाई. थोआकाकू हुशार आहेत. त्यांना 'भात' देऊन त्यांचा अपमान कसा करू?"

चिखलात मी बदकांसह थांबलोच होतो. थोआ माझ्या शेजारून गेली. तिने एवढंच विचारलं, "त्याचा पणजोबा कोण होता हो?" मी बदकं मोजायला लागलो. तिच्या तोंडून आलेला हा प्रश्न साधा नसतो.

आणि त्याच आठवड्यात आमची करडी बदकी गेली.

करडी म्हणजे बदकांतली पाटलीण. उपासमारीच्या दिवसांत थोआने तिला स्वतःच्या अंथरुणात लपवून जगवलं होतं. तिच्या पिल्लांपासून आमचा सगळा कळप पुन्हा उभा राहिला. ती संध्याकाळी परत आली नाही आणि दुसऱ्या दिवशी क्वेतच्या घरून बांबूच्या कोंबांबरोबर बदक शिजल्याचा वास आख्ख्या गल्लीत पसरला. सणाच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला जिल्ह्याहून पाहणी करायला साहेब येणार होते, म्हणून समितीची बैठक होती म्हणे. त्याच्या तळ्यातल्या शेवाळावर एक करडं पीस तरंगत होतं. मी ते उचलून घरी आणलं. थोआने ते पाहिलं, डोक्याला ओढणी गुंडाळली, ठोकळा उचलला, सुरी उचलली.

तळ्याच्या काठावर गाव जमलं. कुणी चटया आणल्या. कितीतरी दिवसांनी थोआची शिवी ऐकायला मिळणार! तिने ठोकळ्यावर सुरीचा पहिला घाव घातला, दुसरा घातला, श्वास घेतला. आणि क्वेत आला. दंडावर पट्टी, ओठांवर अजून बदकाची चरबी.

"काकू, देवळाच्या भिंतीवरची सूचना वाचली नाहीत? अरे हो, वाचायचं कसं! मी सांगतो. जुगार बंद, भगत बंद, गल्लीत उभं राहून शिव्या देणं बंद. मागासलेल्या चाली आहेत या. तोंडातून एक शब्द काढलात तर वर्षभर बाजार बंद."

सुरी वरच राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात मी थोआला चारचौघांत प्रथमच बोलायचं असून न बोलताना पाहिलं. तिचा गळा हलत होता, जसा साप गिळलेल्या बगळ्याचा हलतो. शब्द बाहेर काढला असता तर सावर हातची गेली असती. तिने सुरी खाली ठेवली, ठोकळा काखेत मारला आणि घरी आली. मागे क्वेत लोकांना सांगत होता, "बघा, समाज कसा सुधारतो!"

घरी तिने ठोकळा चुलीपुढे ठेवला, विड्याच्या डबीतून चुना काढला आणि मिएनला म्हणाली, "लिही. मी सांगते."

मिएनने हात मागे घेतले. "नाही आई. शिवी तुमची आहे. हात तुमचाच हवा."

"मला वाचता येतं. लिहिता कुठे येतं?"

"म्हणजे अर्धंच शिकलात."

"ए पोरी! माझ्या घरात मला..."

"घरात तुम्ही सासू," मिएन शांतपणे म्हणाली. तिने सासूचं बोट धरून चुन्यात बुडवलं. "ठोकळ्यापुढे मी बाई."

मला वाटलं आता छप्पर उडतं. थोआने सुनेकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, चुन्याने पांढऱ्या झालेल्या आपल्या बोटाकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, दात काढायला बसलेल्या माणसासारखी ती म्हणाली, "कुठून सुरुवात करायची, बाई?"

"तुम्ही नेहमी कुठून करता?"

"पणजोबापासून."

"मग तिथूनच."

त्यानंतर त्या ठोकळ्याने जे भोगलं ते कुठल्या डुकरानेही त्यावर भोगलं नसेल. थोआ लिही, पुसे, पुन्हा लिही. चुन्याने बोटं सोलून निघाली. मध्येच उठून मिएन म्हणे, "आई, हे फार घाण आहे," आणि थोआ म्हणे, "बदकी खाल्ली ते स्वच्छ होतं का?" कधी मिएन म्हणे, "हे इतकं लांब सुपलीवर मावायचं नाही." मग थोआ विचार करी आणि चोराच्या दोन काकांना सोडून देई. माणूस लिहायला लागला की दयाळू होतो तो असा, जागा पुरत नाही म्हणून.

शेवटच्या बाजाराची पहाट. धुकं इतकं दाट होतं की माझी बदकं एकमेकांवर आपटत होती. आदल्या संध्याकाळीच क्वेतने साहेबांसाठी सुपली सजवून तिच्यावर 'स्वातंत्र्य' असा शब्द काढून ठेवला होता. साहेब येण्याच्या आनंदात तो अजून घरी चहा पीत होता. मिएनने सुपली धरली आणि थोआने 'स्वातंत्र्य' हा शब्द ओढणीच्या टोकाने हळूच पुसला. मग लिहिलं. गडबड न करता, काठापासून काठापर्यंत, जशी एखादी सून पहिल्यांदा सासरच्या देव्हाऱ्यापुढे वाढते.

दरवाजाचा नियम सरकारी होता: सुपलीवर जे असेल ते मोठ्याने वाचावं आणि आत जावं. पहिली थोआच होती. वाकून नमस्कार केला, वाचलं आणि सावरीखाली जाऊन चटई अंथरली. मागची रांग पुढे सरकली. विड्यावाला म्हातारा दोन शब्द वाचून थबकला, मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. तो मोठ्याने वाचू लागला:

"ज्याने माझी करडी बदकी खाल्ली, त्याच्या पणजोबाच्या थडग्यात पाणी भरो. तो बोलायला तोंड उघडेल तेव्हा पकपक करो. त्याचा भात निवो, त्याचा चहा सांडो, त्याच्या सात पिढ्या चिखलातून फेंगड्या चालोत. आणि हे वाचून जो आत जाईल, त्याची चूल कधी न विझो."

असली पोथी सोडून कोण जाईल? आत गेलेली माणसं पुन्हा बाहेर येऊन रांगेला लागली. एरवी 'भात' वाचताना ज्यांना घाम फुटे त्या बायका एका सुरात वाचत होत्या. कुणीतरी कुठून तरी ठोकळा आणला आणि ताल धरला. अशात जिल्ह्याचे साहेब सायकलवरून उतरले. पाठीमागून क्वेत धावत आला, दंडावरची पट्टी सरळ करत.

"काय हे! अख्खं गाव वाचतंय!" साहेब म्हणाले. ते शेतकऱ्याचे पोर होते, हे त्यांच्या टाचांवरून दिसत होतं. ते सुपलीपुढे उभे राहिले, पूर्ण वाचलं, शेवटी खदखदून हसले. "आमच्या आईचीही दोन बदकं गेली होती हो. शाबास! लोकांच्या जगण्यातलाच मजकूर घेतलात. ही कल्पना कुणाची, क्वेतभाऊ?"

क्वेतने तोपर्यंत सुपली पाहिली होती. त्याचा हात पुसायला पुढे गेला.

"पुसताय का?" विड्यावाला म्हातारा म्हणाला. "ज्याला लागतंय तोच पुसेल."

हात मागे आला.

"तुम्हीही वाचा की," साहेब म्हणाले. "प्रमुखांनी पुढे हवं. मोठ्याने."

ठोकळ्यावरचा ताल थांबला. कुणाची शिवी आपल्याला लागली तर माणूस त्यातून वाचू शकतो. पण आपल्याच तोंडाने आपल्यालाच दिलेली शिवी सातपट लागते, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. क्वेतने तोंड उघडलं. "ज्याने..." म्हणाला. "माझी..." म्हणाला. त्याच्या कपाळावर दहिवर जमलं. शेवटी तो म्हणाला, "साहेब, आज... डोळ्यांसमोर जरा पडदा आल्यासारखं वाटतंय."

सावरीखालून थोआचा आवाज आला. शिवी नव्हती. अगदी मायेने, आजारी माणसाला म्हणावं तसं ती म्हणाली, "डोळे गेलेल्यांसाठीच तो दरवाजा आहे, बाळा. चिखल त्या बाजूला."

साहेब नियमाला पक्के होते. त्यांनी मान डोलावली.

क्वेत चिखलात उतरला. मी तिथे बदकं घेऊन उभा होतोच. आणि आता मी सांगतो ते खोटं वाटलं तर खुशाल चिखलालाच विचारा. एरवी माझी बदकं माणसाला पाहून बाजूला होतात. त्या दिवशी सगळीच्या सगळी वळली, क्वेतभोवती गोल झाली, माना उंच केल्या आणि त्याच्या पोटाकडे बघून हाका मारू लागली, जशी हरवलेल्या बहिणीला मारतात. तो डावीकडे सरकला की ती डावीकडे. गुडघ्यापर्यंत चिखलात, पाय फाकून, फेंगडा, तोंडाने "हट, हट" करत तो चालला होता. पण ते "हट" कुणाला नीट ऐकू आलं नाही. काठावरचे लोक म्हणतात त्याने पकपक केलं. मी जवळ होतो. मी नाही म्हणणार नाही.

त्याच्यामागे नू चिखलात उतरली. भाच्याने तिला 'स्वातंत्र्य' घोकून दिलं होतं. ते तिने सुपलीपुढे उभं राहून चार वेळा म्हटलंही, पण सुपलीवर ते नव्हतं.

इकडे साहेब थोआपाशी गेले होते. "काकी, अक्षर छान आहे. कुणी शिकवलं?"

थोआने विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. वेळ लावला. मिएन थोड्या अंतरावर अंडी मांडत होती, तिचे हात थांबले.

"बाईंनी," थोआ म्हणाली. आणि साहेब आनंदाने वळल्यावर मिएनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "अंडी मांडतेस की उबवतेस, बगळ्याच्या तंगड्यांचे?"

तेवढ्यात नू तिथे पोचली, चिखलाने माखलेली, टोपली छातीशी धरून. सावरीखाली थोआ पाय पसरून बसली होती. चटईच्या कडेला चुन्याने काहीतरी लिहिलेलं होतं. नू ते बघत राहिली.

"काय लिहिलंयस?" तिने शेवटी विचारलं.

"वाचता येत नाही?" थोआ म्हणाली. तिने टोपली जरा सरकवली, चटईचं एक टोक मोकळं केलं आणि चुन्याची डबी पुढे ढकलली. "मग बस तिथे. आणि आधी पाय धू. आमच्या बाईंना चिखल चालत नाही."

नू बसली. चटईच्या कडेला लिहिलेलं मी घरी आल्यावर मिएनकडून वाचून घेतलं. कारण, मघाशी सांगितलं तसं, मला येतच होतं, पण बदकं सोबत होती.

लिहिलं होतं: 'ही जागा थोआची.'